खुश्कीच्या वाटेने आलेला च्या

“आक्का, च्या घेतंस काऽऽ?”

अदिती केवढी दचकली! नारपोलीतल्या त्या स्पीच थेरपीच्या दवाखान्यात रस्त्यापलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाट कमी होता म्हणून की काय, शेजारच्या बाकावरचा तरुण आजीच्या कानाशी ओरडत होता. आजी कानाच्या मशीनसाठी आलेली. अदितीच्या मांडीवर तनया... अडीच वर्षांची, अजून एकही शब्द न बोललेली.

“चहा म्हणा हो,” अदितीच्या तोंडून निसटलंच. “मुलीच्या कानावर शुद्ध पडायला हवं.”

“चहा म्हटलं तर आक्काला ऐकूच येत न्हाय.” तो हसला. खारबावचा कुणाल.

मग दर मंगळवारी तोच बाक. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती माहेरी राहते, हेही एकदा सांगून झालं. त्याने नुसता कप पुढे केला. एकदा तिने ऐटीत सांगितलं, मूळ चिनी शब्द ‘चा’; खुश्कीच्या वाटेने गेला तिथे चाय, चहा झाला, नि गलबतातून गेला तिथे टी.

“म्हंजे माझा च्या तुमच्या चहापेक्षा चीनच्या जवळचा,” कुणाल म्हणाला. नजर मात्र तिच्याकडेच — कपावर साय धरेपर्यंत.

आणि आक्काची मशीन आली. आता यायचं कारण उरलं नाही.

“येतो मग...” तो घुटमळला. अदितीला बोलायचं होतं, पण घरी वडील, तात्या, काय म्हणतील? ती उगाच तनयाचं टोपडं नीट करत राहिली. तो दाराशी पोचला.

“च्या.”

अदितीने झटकन मांडीवर पाहिलं. ‘आई’ ऐकायला आसुसलेले तिचे कान, आणि हे काय?

“आरं, कोन बोल्ला?” त्याच्यामागून निघालेल्या आक्काने मशीन चाचपली.

तनयाने हात पसरले होते. समोरच्या कपाकडे नाही... दाराकडे. अदितीच्या काळजात लख्ख झालं. तिच्या लेकीच्या लेखी च्या म्हणजे पिण्याची वस्तू नव्हतीच. च्या म्हणजे तो.

कुणाल गर्रकन वळला. “काय म्हणतेय ती?”

“तुम्हाला हाक मारतेय.”

“आणि... तनयाची आई? तीही मारतेय का?”

अदितीने लेकीला उराशी धरलं. शब्द दुरुस्त करायची सवय ओठांवर आली, आणि तिथेच विरली.

“च्या घेताय का?” ती म्हणाली. मग अगदी हळू, “आमच्या घरी... रोज?”

आक्काला तेही ऐकू गेलं.