पपनसं विकणारी बाई

तुम्ही चीनचं विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी तो विषय काढत नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं. काम संपून दोन दिवस उरले, म्हणून एक गाइड घेऊन बोटीने ली नदीकाठचं एक जुनं गाव बघायला गेलो. गाव देखणं. पाण्यातून उगवल्यासारखे डोंगर, काळपट लाकडी घरं, नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. टूरिस्टांची बोट लागली की अर्धं गाव पंखे आणि पपनसं घेऊन काठावर धावायचं.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला परतल्यावर एका रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये स्लाइड्स दाखवायला बसलो. बायको उत्तरा, आमची आठ वर्षांची विनीता आणि शेजारच्या एकनाथचे वडील, नागपूरहून आलेले त्र्यंबककाका. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. प्रोजेक्टरचा पंखा घुमत होता, तापलेल्या धुळीचा वास येत होता. मी अगदी रंगात आलो होतो.

डोंगरांची स्लाइड झाली. मी बटण दाबलं... आणि खोलीत शेवाळाचा, गाळाचा ओला वास पसरला.

पडद्यावर त्या पायऱ्या होत्या. पण खालून दिसणाऱ्या. नदीत असलेल्या माणसाने वर बघावं तशा. वर मी उभा होतो, डोळ्याला कॅमेरा लावून. आणि खालच्या कडेला एक हात... बोटं फाकलेली, माझ्याकडे ताणलेली.

"हा कोणी काढला रे?" काकांनी विचारलं.

"कोणीतरी... दुसऱ्या टूरिस्टने."

"पाण्यात उतरून?"

विनीता उठून पडद्यापाशी गेली होती. "डॅड, शी नीड्स हेल्प. व्हाय आर यू जस्ट स्टँडिंग देअर?"

मी प्रोजेक्टर बंद केला. काका चहासाठी थांबले नाहीत.

मग उत्तराला सगळं सांगावं लागलं. तो हात पपनसं विकणाऱ्या एका म्हातारीचा होता. फोटो नको म्हणून तोंडापुढे हात धरत होती. मला तिच्यामागे नदी हवी होती. मी खुणा करत राहिलो, मागे, अजून थोडं मागे. बिचारी सरकत गेली. पायऱ्या शेवाळलेल्या, पाणी चढलेलं. पाय घसरून ती पडली तेव्हा आमच्यात दोन पायऱ्यांचं अंतर होतं. तिने हात वर केला. मी फोटो काढला. मग कॅमेरा बॅगेत घातला आणि बोटीत जाऊन बसलो. कुणाला हाकसुद्धा मारली नाही. आणि मी काढलेल्या त्या फोटोची स्लाइड धुऊन आली तशी मी कातरून कचऱ्यात टाकली होती.

उत्तराने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं.

"त्या गाइडला पत्र लिही. खरं लिही."

मी लिहिलं, एक बाई घसरून पडताना लांबून दिसली होती, ती बरी आहे का? लांबून. तेवढंच माझ्याने झालं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तिचं नाव लियाओ. मुलगा अजून रोज तराफा घेऊन काठ धुंडाळतो. ती सापडलेली नाही. चौकशी केल्याबद्दल गाइडने माझे आभार मानले होते.

त्यानंतर मी बेसमेंटमध्ये जाणं सोडलं.

एका शनिवारी दुपारी जेवायला हाक मारली तरी विनीता येईना. बेसमेंटचं दार उघडं होतं. प्रोजेक्टर बंद, पडदा पांढरा. त्याच्यासमोर ती पालथी पडली होती, एक हात पुढे ताणून. स्वेटरची बाही खांद्यापर्यंत भिजलेली. खालच्या कार्पेटवर पाणी ठिबकत होतं...

"विनी, काय करतेस तू?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रडू आवरत होती.

"आय ऑलमोस्ट हॅड हर, डॅड," ती हळूच म्हणाली. "बट शी लेट्स गो व्हेन यू कम."