बाजूच्या बाईची भूल

ही गोष्ट भर दिवसा घडली, शिरपुरातल्या एका लहानशा दवाखान्यात. डॉ. नूतन भूलतज्ज्ञ होती. राहायला धुळ्याला. बोलावणं आलं की गाडी काढायची, वाटेतलं सोनगीर मागे टाकायचं, भूल द्यायची आणि दुपारी घरी जेवायला परत. त्या गुरुवारी मात्र सकाळपासूनच तिचं डोकं उठलं होतं.

पेशंट होत्या झुंबरबाई, साठी ओलांडलेल्या. वरच्या पापण्या लोंबून डोळ्यांवर आल्या होत्या. नातीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपण प्रत्येक फोटोत झोपलेल्या दिसतो, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. ऑपरेशन त्यांनीच हट्टाने ठरवलं होतं. आणि त्यांचा मुलगा हितेंद्र दर पाच मिनिटांनी दारातून डोकावत होता.

"मॅडम, पूर्णच भूल द्या ना. आई घाबरेल."

"दादा, चौथ्यांदा सांगते," नूतन म्हणाली. "पूर्ण बेशुद्ध केलं तर त्या डोळे उघडून दाखवणार कशा? दोन्ही पापण्या सारख्या झाल्या का, हे डॉक्टरांना मधेच बघावं लागतं. पापणी तेवढी बधिर करू, वर थोडं गुंगीचं औषध. सुईच्या वेळी क्षणभर चुरचुरेल, बस."

"पण मॅडम..."

"बाहेर बसा."

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, एसी घरघरत होता. स्पिरिटचा वास नाकात बसत होता. सर्जन डॉ. प्रेमराज यांनी सुई उचलली, तसा नूतनने झुंबरबाईंचा हात हातात घेतला. पापणीत सुई शिरताना पेशंट मूठ आवळतो, हे ठरलेलं. झुंबरबाईंचा हात सैलच राहिला.

"दुखलं का अक्का?"

"माले नई दुखनं," त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "तिले दुखी राह्यनं."

"कोणाला?"

झुंबरबाईंनी डावीकडे बोट केलं. "ह्या बाजूनी बाईले. कवयनी, सकायपासून रडी राह्यनी."

डावीकडे दोन हात मोकळी फरशी होती आणि पुढे भिंत. टेबल एकच होतं.

"मॅडम, गुंगी जरा जास्तच झाली वाटतं," प्रेमराज मास्कमधून हसले.

नूतनला राग आला. औषध तिने मोजून दिलं होतं, तेही नेहमीपेक्षा कमी. काम पुढे सरकलं. उजवी पापणी शिवून झाली, डावी अर्ध्यावर आली.

"अक्का, आता डोळे उघडा बरं," प्रेमराज म्हणाले.

"नई."

"का हो?"

"पहिले तिले सुई द्या. ती गप व्हवाशिवाय मी डोया उघाडाव नई."

दहा मिनिटं गेली, भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. प्रेमराजांनी समजावलं, सिस्टरने समजावलं. अर्धवट शिवलेली पापणी, वर दिवा, आणि बाई डोळे उघडायला तयार नाही. शेवटी नूतनचा संयम सुटला. तिने पापणी बधिर करायच्या उरलेल्या औषधाची सिरिंज उचलली आणि टेबलाला वळसा घालून डावीकडे जाऊन उभी राहिली.

"कुठे देऊ?"

"पापनीवर. हळू दे माय..."

आपण काय करतोय, याचं नूतनला स्वतःलाच हसू येत होतं. तिने कमरेइतक्या उंचीवर, रिकाम्या जागेत सुई तिरपी धरली आणि दट्ट्या दाबला.

दट्ट्या जड गेला.

हवेत औषध पिचकारीसारखं उडतं. हे उडालं नाही. सावकाश, अडत अडत आत गेलं, जिवंत कातडीत जातं तसंच. खाली फरशी कोरडी होती.

आणि तेवढ्यात ओटी शांत झाली. एसी घरघरतच होता, पण त्या घरघरीखाली सकाळपासून चाललेला एक बारीक, मुसमुसणारा आवाज थांबला होता. तो होता, हे नूतनला तो थांबल्यावर कळलं. तिने वर पाहिलं. प्रेमराजांचा हात हवेतच थबकला होता.

"झोपी गयी," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे उघडले.

पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. नूतन चहासाठीही थांबली नाही.

सोनगीरजवळ फोन वाजला. प्रेमराज होते.

"मॅडम, पापणीतली भूल किती वेळ टिकते?"

"दोन तास. सर, रोज तुम्हीच तर वापरता..." ती वैतागून म्हणाली, आणि तिची नजर समोर गेली. गाडीतल्या घड्याळात दोन वाजत आले होते.

"झुंबरबाई गेल्या घरी," ते हळू आवाजात म्हणाले. "सिस्टरही गेली. ओटीला मी कुलूप लावलंय. बाहेर उभा आहे..."

"मग?"

उत्तरादाखल नुसती खरखर ऐकू आली. त्यांनी फोन दाराला लावला असावा. नूतनने गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या.

रडणं नव्हतं. कोणीतरी बाई अगदी अदबीने, हळूच विचारत होती, "माय... डोया उघाडू का आते?"