गाडी खाली करा

कुलसुम एस.टी.तून उतरली आणि समोरचं बघून तिथंच थबकली. गॅरेजपुढच्या लिंबाखाली कुणाचा तरी संसार मांडून ठेवला होता. गादी, उशा, लाकडी कपाट, पत्र्याचं बेसिन, औषधांच्या पेट्या आणि खिडक्यांचे निळे पडदे, तेही घड्या घालून. त्या सगळ्यामागं तिची गाडी उभी होती. रिकामी... आणि पहिल्यापेक्षा उंच.

गाडी विलायती होती. कुणी गोरं जोडपं ती घेऊन देश बघत फिरत होतं. उमरग्याजवळ हायवेवर इंजिन बसलं, तशी गाडी विकून ते विमानानं घरी गेलं. गोल नाकाची, पोटात बिछाना आणि कपाट घेऊन फिरणारी ती गाडी सहकारी संस्थेनं घेतली, दुरुस्त केली आणि तिचा फिरता दवाखाना केला. भूम गावाहून आलेली कुलसुम त्यावरची नर्स.

पण गाडीचं दार उंच. दुष्काळात खडी फोडून कमरेतून गेलेल्या बायका, दिवस भरत आलेल्या पोरी दाराशी यायच्या, पाय उचलून बघायच्या आणि मागं फिरायच्या. एकदा स्टूल ठेवलं, तर एक म्हातारी स्टुलासकट पडली. मग कुणी जवळही येईना. चेअरमन तात्यारावांनी सांगून टाकलं, येत्या बाजारापर्यंत बायका चढल्या तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. गाडी गेली की नोकरी गेली, आणि कुलसुमला मुकाट्यानं भूमला परतावं लागणार. म्हणून तिनं ड्रायव्हर ज्ञानोबाबरोबर गाडी गॅरेजला धाडली होती आणि निरोप दिला होता – मिस्त्रींना म्हणावं, गाडी खाली करा.

हात पुसत एक उंच तरुण पुढं आला. हाच शब्बीर मिस्त्री.

"झालं बघा बाई. एक खिळा न मोडता खाली केली."

"ही खाली?"

"तर! आत झाडून बी घेतली."

कुलसुमच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. शब्बीरच्या घरात दखनी उर्दू बोलायचे. तिथं खाली म्हणजे रिकामं. भूमच्या शेजारपाजारात वाढलेली कुलसुम घरातही मराठीच बोलायची. तिला रागवायचं होतं. पण ते पडदे तिनं स्वतः शिवलेले, आणि त्यांच्या घड्या तिच्याहून नेटक्या घातलेल्या... तिनं पदर तोंडाला लावला.

"मिस्त्री, खाली म्हणजे उंचीनं खाली. बुटकी करायची होती."

शब्बीरनं गाडीकडं बघितलं, मग लिंबाखालच्या संसाराकडं.

"तरीच. खाली केली तर वर का आली, म्हणून म्या सकाळपासनं डोकं धरून बसलोय."

ओझं उतरलं तशी गाडी चार बोटं वर आली होती. आता मात्र कुलसुमला हसू आवरेना.

किती बुटकी, हे ठरवायला त्यानं विटा रचल्या आणि तिला चढून बघायला सांगितलं. ती चढली. त्यानं नजर विटांवरनं हलू दिली नाही. कान तेवढे लाल झाले. एका काठीवर त्यानं तेवढ्या उंचीवर खडूची खूण केली. कुलसुम म्हणाली, माझ्या मापाचा काय उपयोग, गुडघे दुखणारं माणूस आणा. मग त्याची आई सकिनाबी आली. तिनं दोन विटा काढायला लावल्या, लेकाच्या खांद्यावर हात ठेवून चढली, आणि चढल्या चढल्या कुलसुमला विचारलं की तुझं माहेर कुठलं, घरात कोण कोण. काठीवर दुसरी खूण झाली, पहिलीच्या खाली.

आपल्या ट्रकना असतात तसे धक्के सोसणारे पाटे या गाडीला नव्हते. मागं आडव्या दांड्या, पीळ सोसणाऱ्या, आणि त्यांच्या टोकांना दाते. दांडी काढून दाते सरकवून बसवली की गाडी उतरते. पुढं अशा दांड्या एका आडव्या नळीत बसवलेल्या; ती नळी मधोमध कापायची, जरा फिरवायची आणि पुन्हा जोडायची. शब्बीरनं अशी गाडी आधी उघडलेली नव्हती. पहिल्या खेपेला ती एवढी बसली की वाटेतला धोंडा पोटाला लागला असता.  त्यानं सगळं सोडलं, धुतलं, फडक्यावर ओळीनं मांडलं आणि पुन्हा सुरुवात केली.

कुलसुम गावातली फेरी पायीच आटपून रोज यायची आणि लिंबाखाली बँडेजच्या गुंडाळ्या करत बसायची. बघायची मात्र त्याचे हात.

"एवढं काय गोंजारता तिला?" ती एकदा म्हणाली.

"ज्यांनी घडवली ती माणसं मला कधी भेटायची न्हायत. त्यांचा हात तरी बघून घेतो." मग वर न बघता, "तुम्हाला राग येतो का... तिला गोंजारलं की?"

कुलसुमची गुंडाळी हातातून सुटली आणि पार गाडीखाली गेली.

बाजारच्या दिवशी गाडी चौकात उभी राहिली. ऐटबाज, जमिनीला धरून, निळ्या पडद्यांची. ज्या चन्नम्मा स्टुलावरून पडल्या होत्या, त्यांनीच पहिला पाय टाकला. चढल्या, गादीवर टेकल्या आणि म्हणाल्या, आता मी उतरत नसते. मागं बायकांची रांग लागली. तात्यारावांनी रांग दोनदा मोजली. जाताना ज्ञानोबाला एवढंच म्हणाले की पुढच्या आठवड्यात गाडी शेजारच्या गावांनाही ने.

ऊन कललं, रांग सरली. शब्बीर दारापाशी आला. एक हात पाठीमागं.

"बाई... एक सांगायचं हुतं. आमच्या घराची वरची खोली खाली हाय."

"वर आहे की खाली आहे, एक काय ते ठरवा मिस्त्री."

"रिकामी हाय," तो म्हणाला. मग आणखी हळू, "तुम्ही आलात तर... भरंल."

कुलसुमनं पडद्याची कड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"जिना उंच असेल."

त्यानं पाठीमागचा हात पुढं केला. तीच काठी. वरची खूण पुसली जाऊ नये म्हणून तिथं आता चाकूनं खाच केलेली होती.

"खालचं माप गाडीला लागलं. जिन्याची पहिली पायरी ह्या वरच्या खुणेएवढी हुती. ती निम्मी केलीय."

कुलसुमनं काठी हातात घेतली. खाचेवरून अंगठा फिरवला. काठी परत मात्र दिली नाही.

"अम्मीला घेऊन भूमला जा," ती म्हणाली. "आणि अब्बांना सांगताना खोली रिकामी म्हणा. खाली म्हणालात तर ते तळमजला समजतील."