कंठस्थ

निवृत्तीच्या दिवशी हिरामण देवरेंना शाल, श्रीफळ आणि सही करायचा एक कागद मिळाला. सही झाल्यावर प्रकाशक संघाच्या माणसाने त्यांना एका यंत्रात बघायला सांगितलं. दोन क्षण हिरवा उजेड पडला आणि एकवीस वर्षं नोंदवलेले त्यांचे डोळे यादीतून वगळले गेले.

ते तालुक्याच्या रुग्णालयात नोंदणीकृत वाचक होते. जगातले बहुतेक शोधलेख प्रकाशक संघाच्या मालकीचे झाले होते. त्यांची चोरी होऊ नये म्हणून दृष्टिकुलूप निघालं. ज्याचे डोळे नोंदवलेले, त्यालाच पडद्यावर मजकूर दिसायचा. दुसऱ्या कुणाची नजर पडली की पान पांढरं. शहरातली इस्पितळं प्रत्येक डॉक्टरचे डोळे नोंदवत. इथे एकाच जोडीची ऐपत होती आणि ती ग्रंथपालाची होती. डॉक्टर प्रश्न घेऊन यायचे, देवरे शोधून मोठ्याने वाचून दाखवायचे. तेवढी मुभा होती. वाचता वाचता त्यांना शेकडो लेख पाठ झाले, यात त्यांचा काय दोष?

पण कागदावर स्पष्ट लिहिलं होतं : ‘कंठस्थ मजकूर हीदेखील प्रतच समजली जाईल.’

गावी परतून चारच दिवस झाले होते. दुपारी ओट्यावर बसून ते शेंगा फोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. डॉ. ऋता कामथ बोलत होत्या. नेहमी शांत असणाऱ्या बाईंचा आवाज चिरकत होता.

“काका, आठ वर्षांची मुलगी आहे. रानातला कंद खाल्लाय. नाडी हाताला लागत नाहीये. तुम्ही मागे एक लेख वाचला होता, आठवतोय?”

आठवत कसा नसेल? त्या लेखातले बाराही रोगी याच रुग्णालयातले होते. पाहुणे संशोधक आले तेव्हा देवरेंनीच माळ्यावरून धुळीने माखलेल्या फायली काढून दिल्या होत्या. लेखाच्या शेवटी आभारात त्यांचं नावही होतं, चुकीच्या आडनावाने.

“नवा वाचक?”

“त्याच्या डोळ्यांना मंजुरी यायला अजून आठवडा आहे. काका, तुम्ही सांगा. पुढचं मी निस्तरते.”

देवरेंचे हात थांबले. प्रत्येक फोनमध्ये संघाचं कानराखण बसवलेलं होतं, कुणी कुलपातला मजकूर बोलून दाखवतंय का ते ऐकायला. शब्द फिरवले तरी ते आशय ओळखायचं, तेही बावीस भाषांत. एकदा खूण पटली की रुग्णालयाचं वाचन वर्षभर बंद. त्या वर्षात कितीजण येतील, आणि त्यांच्यासाठी कोण वाचेल? एका पोरीसाठी त्या सगळ्यांना वाऱ्यावर सोडायचं? आणि गप्प बसायचं, तर ही पोर? त्यांना स्वतःचीच भीती वाटली, कारण क्षणभर ते खरंच गप्प बसले होते.

“मुलगी कुठली?” त्यांनी उगाच विचारलं.

“मला तिच्या आईचं बोलणं कळत नाही हो. कमल सिस्टरच मला ते मराठीत सांगते.”

देवरे ताडकन उठले. “कमलकडे फोन द्या. ती सांगेल तसं करा.”

रुग्णालयात एकवीस वर्षं ते पुस्तकातली मराठी बोलले होते. अहिराणी ही घरची बोली, कमलचीही. ती कचेरीत काढायची नसते, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी हसून बजावलं गेलं होतं. जिला कुणी भाषा म्हणूनच धरत नाही, ती बाविसांत कुठून असणार?

“बोला आप्पा,” कमल म्हणाली.

“कमल, मी सांगस ते ध्यान दिसन आयक. मधमा बोलू नको.”

मग ते बोलत गेले. कुठलं औषध आधी, कुठलं चुकूनही नाही, किती वेळ थांबायचं. तक्त्यांतले आकडे त्यांनी आईच्या बोलीत सांगितले. पलीकडे कमल तोंडातून शब्द न काढता डॉक्टरांच्या कागदावर औषधं आणि आकडे लिहीत होती. फोन ठेवला तेव्हा देवरेंचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता.

दिवेलागणीला डॉक्टरांचा निरोप आला : ‘पोरगी पाणी मागतेय.’ देवरे बायकोसमोर लहान मुलासारखे रडले, आणि मग हसले. एवढ्या मोठ्या संघाला आपण गंडवलं, याचा त्यांना चांगलाच आनंद झाला होता.

थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. तो संघाचा होता.

‘आपल्या संभाषणात यादीबाहेरची बोली आढळली. नमुन्याबद्दल आभार. ही बोली आजपासून संरक्षणाखाली घेतली आहे. अभ्यास पूर्ण होताच सदर संभाषणाची फेरतपासणी होईल.’

त्यांनी तो तीनदा वाचला. रुग्णालय तर वाचलं नव्हतंच. शिवाय लपायला जी एक जागा उरली होती, तिचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं.

“आहो, जेवाले चला ना,” आतून बायकोने हाक मारली. “भाकर थंडी व्हई राहिनी.”

ओट्यावर, शेंगांच्या टरफलांत फोन पडला होता. देवरे उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच थांबले. आयुष्यभर या हाकेला ज्या बोलीत ओ दिली, तिच्यात आता बोलायचं, तर आणखी कोण ऐकत असेल?