काचेच्या खोलीतले साहेब

जिराफ केंद्राच्या दारापर्यंत गेली आणि चपलेत खडा गेल्याचं सोंग करून पुन्हा परत आली.

"अगं, तुला आत जायचं होतं, चपला झाडायच्या नव्हत्या," भिंगरी वैतागली.

जिराफ म्हणजे भिंगरीच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. घरी वडील हात उगारत आणि आई भिंतीकडे बघत बसे. सुट्टी लागली आणि शाळेचा आडोसाही गेला. आता तिने पिशवी भरून ठेवली होती. परवा घर सोडायचं, पण जायचं कुठे, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. त्याआधी केंद्रातल्या ताईंना भेटायचं, एवढंच भिंगरीने कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

केंद्र बसथांब्यासमोर होतं. दर्शनी भिंत सगळी काचेची, पिवळ्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या आणि वर हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'संकटात सापडलेल्या मुलांसाठी'. खुर्च्या मात्र रिकाम्या.

"थांब्यावर आमच्या शेजारच्या काकू उभ्या आहेत," जिराफ पुटपुटली. "मी त्या खुर्चीत बसले की माझ्याआधी बातमी घरी पोचेल."

भिंगरी आणि तिचा मावसभाऊ चष्मिस समोरच्या कट्ट्यावर पाळत ठेवून बसले. एक मुलगी आली, पाटी वाचली आणि गेली. एक दांडगा मुलगा दारापर्यंत आला, उगाच बसची चौकशी केली आणि सटकला. तहानलेले येत होते, पण पाणी चव्हाट्यावर मांडलेलं होतं. देवापाशीसुद्धा माणूस डोळे मिटून रडतो. इथे तर अख्ख्या रस्त्याला दाखवून रडायचं होतं!

ताईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी पडदा मागितला, तर केंद्राचा कारभार बघणारे साहेब म्हणाले, कारभार पारदर्शक हवा. मागे एक खोली होती, गल्लीत उघडणारं दारही होतं, पण किल्ल्या साहेबांकडे. केंद्राबाहेर मुलांशी बोलायला नियमाची बंदी. आणि कोणी फिरकत नाही, म्हणजे गरज नाही, असं ठरवून साहेब उद्या केंद्रच बंद करायला येणार होते.

दोघं धावत साहेबांच्या कचेरीत गेले. शिपाईकाकांनी कारकुनाकडे पाठवलं. कारकून म्हणाला, केंद्र आमचं, पण दारं दुरुस्ती खात्याची. दुरुस्तीवाले जेवायला गेले होते ते गेलेच. शेवटी साहेब भेटले. "सुट्टी आहे ना, बाळांनो? खेळा," एवढं बोलून त्यांनी फोन उचलला. भिंगरीला वाटलं, डोकं आपटायलासुद्धा इथे परवानगी लागत असेल.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा भिंगरी गोड हसत पुढे झाली.

"साहेब, शाळेच्या प्रकल्पासाठी तुमचा एक फोटो हवाय. या खुर्चीत बसता? चेहरा जरा गंभीर ठेवा."

साहेब बसले. चष्मिसचा कॅमेरा काही केल्या चालेना. तोवर थांब्यावरच्या माना वळल्या. एकाने काचेला नाक लावलं. तो साहेबांचा शेजारी निघाला आणि थेट आत आला.

"काय हो, घरी सगळं ठीक ना? चिरंजीवांनी काही भानगड केली का?"

बाहेर आणखी चार डोकी जमली. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "ताई, मागे बसू या. इथे नको."

"मागे कुलूप आहे, साहेब," भिंगरी म्हणाली. "किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्हाला तर काही सांगायचंही नव्हतं. ज्याला सांगायचंय त्याने कुठे बसायचं?"

साहेबांनी एकदा काचेबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग खिशात हात घातला.

गंजलेलं कुलूप कुरकुरत उघडलं. भिंगरीने आधीच गल्लीत उभी करून ठेवलेली जिराफ मान खाली घालून आत आली आणि ताईंनी दार लोटलं. इकडे साहेब शेजाऱ्याला सांगत होते, की केंद्र चालूच राहणार आणि मागच्या दाराची कल्पना मुळात त्यांचीच. "पोरं हुशार आहेत हो," म्हणत त्यांनी भिंगरीची पाठ थोपटली. तिला ती शाबासकी अजिबात गोड लागली नाही. हेच काल केलं असतं तर?

बऱ्याच वेळाने ताईंनी दार किलकिलं केलं. जिराफ आज तिच्या मावशीकडे राहील, मावशी न्यायला निघालीय, आणि वडिलांशी उद्या ताई स्वतः बोलतील. "तुम्ही दोघांनी मोठं काम केलंत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

आतून जिराफचा आवाज येऊ लागला. थांबत, अडखळत, पण येऊ लागला. चष्मिसने दाराला कान लावला, तसं भिंगरीने त्याला कॉलर धरून गल्लीच्या टोकापर्यंत ओढत नेलं.

"आपणसुद्धा ऐकायचं नाही," ती म्हणाली.