कापलेल्या आठ ओळी

ते बिअरचं पिंप जरा इकडे सरकवा, म्हणजे मला उठायला नको. मालकाच्या पैशानं पोटभर खाल्लंत ना? छान. संत बार्थोलोम्यूच्या सणाला, दिवस लहान व्हायला लागतात म्हणून, छापखान्यात हंगामाची पहिली मेणबत्ती लागते, मालक मेजवानी देतो आणि त्या रात्री कुणी कामाला हात लावत नाही, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. हात लावला तर काय होतं, ते ऐका.

गिडियन लस्क माझा दोस्त. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचा. खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे नव्हती, म्हणून हे खरं धरा. राणीच्या राज्यात तो ग्रब स्ट्रीटमागच्या गल्लीत हॉस्किन ब्रॅकलकडे कामाला होता. ब्रॅकलला छापखानेवाला म्हणायचं, तर उंदराला धान्याचा व्यापारी म्हणायला हवं. दुसऱ्या कुणी कविता छापली की हा गृहस्थ तिची एक प्रत आणायचा, अर्ध्या तावात कोंबायचा आणि चोरून छापून रस्तोरस्ती स्वस्तात विकायचा. कागद असा, की मासळीवालीनंही मासे बांधायला नको म्हणावं. खिळे एवढे झिजलेले की वाचताना डोळ्यांतून पाणी यायचं. विलापाची कविता असली की ते त्याला सोयीचंच पडायचं.

तर, चोवीस ऑगस्ट, याच सणाची दुपार. ब्रॅकल म्हणाला, "ए लस्क, सेंट पॉल चर्चच्या आवारात पुस्तकवाल्यांकडे जा. डेप्टफर्डच्या कुणा मास्तरानं पोरगी बुडाली म्हणून कविता केलीय. बायका ढसाढसा रडतायत म्हणे. एक प्रत घेऊन ये."

गिडियन गेला. पुस्तकाच्या दुकानात ते मास्तरच उभे होते. पेलो मास्तर. हे साधं गिऱ्हाईक आहे असं समजून त्यांनी स्वतः प्रत त्याच्या हातात ठेवली.

"शेवटपर्यंत वाचाल ना, बाबा? तिचं नाव शेवटच्या आठ ओळींत आहे. नदीनं तिला परत दिलंच नाही. थडगं नाही, दगड नाही. या ओळी हाच तिचा दगड."

"वाचीन," गिडियन म्हणाला, आणि मान खाली घालून निघाला.

छापखान्यात ब्रॅकलनं कविता पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "अर्ध्या तावात बसत नाही. खालच्या आठ ओळी काप."

"मालक, पोरीचं नाव त्यातच आहे."

"मग? मेली हे पहिल्याच पानावर कळतं. नाव कळून लोक काय तिला जेवायला बोलावणार आहेत?"

"बाप म्हणतो, तो तिचा दगड आहे."

"मग दगडावर छापू दे की त्याला! कागद माझा आहे."

"आणि आज सण आहे. आज रात्री कुणी..."

"सण रिकामटेकड्यांचा! सकाळी फेरीवाल्या बायका ताव न्यायला दारात येतील. तू शाई लाव, मी दाब देतो. नाही तर उद्यापासून दुसरं दार बघ."

गिडियनच्या घरी बायको होती, तान्हं मूल होतं. त्यानं ओळी कापल्या.

रात्र पडली. सगळी गल्ली दारूच्या गुत्त्यात गात होती आणि हे दोघं छापत होते. ताव छापून झाले की गिडियन ते माळ्यावर नेऊन दोऱ्यांवर वाळत घालायचा. सेंट जाइल्सच्या घड्याळात अकरा वाजले. शेवटची चळत माळ्यावर गेली. गिडियन खाली आला, हात पुसायला लागला.

माळ्यावर कागद सळसळला.

"वारा," ब्रॅकल म्हणाला.

वारा नव्हता. मेणबत्तीची ज्योत हलतही नव्हती.

मग आवाज आला. लहान मुलीचा. नुकतीच वाचायला शिकलेली पोरं वाचतात ना, अक्षराला अक्षर जोडत... तसा. तीच कविता. ओळीमागून ओळ. शेवटापर्यंत आली...

थांबली.

कागद सळसळला. पुढचा ताव. पुन्हा पहिल्या ओळीपासून. पुन्हा शेवट...

गप्प.

पुढचा ताव.

पोरांनो, ती शोधत होती. एकेक ताव वाचून... शोधत होती.

"मांजर आहे," ब्रॅकल म्हणाला. मांजर कविता वाचतं म्हणे! एवढं बोलून तो यंत्राखाली घुसला आणि स्तोत्र म्हणायला लागला. तेही बेट्याला अर्धंच येत होतं.

वरचे ताव संपले असावेत. पावलं जिन्याकडे आली. ओली पावलं. एक पायरी...

थांबली.

"...कुठंय?"

गिडियन मला सांगायचा, तिनं रागानं विचारलं असतं तर मी पळालो असतो. पण ती रडवेली झाली होती रे. त्यानं मूळ प्रत समोर ओढली आणि खिळे उचलायला लागला. एक ओळ. दुसरी. वर पायरी वाजली. पाचवी ओळ. पुन्हा पायरी... आठवी. बांधल्या, शाई लावली, एका चिटोऱ्यावर दाब दिला, चिटोरा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ओली पावलं खाली आली... चिटोरा सळसळला.

मग अगदी पाठीशी ती वाचायला लागली. हळूहळू. आठव्या ओळीपर्यंत.

"टॅम्... झिन... पे... लो."

आणि हसली. पोरं पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचतात आणि हसतात, तशी.

मग सगळं शांत.

सकाळी ब्रॅकल यंत्राखालून निघाला, पुन्हा "मांजर" म्हणाला, आणि तसेच बिननावाचे सगळे ताव विकून मोकळा झाला. वर त्या चिटोऱ्याच्या कागदाचे पैसे गिडियनच्या पगारातून कापले. असल्यांना भूतसुद्धा सुधारू शकत नाही.

गिडियननं पायरीवरचा चिटोरा उचलला. कोरा! खिळ्यांचे दाब कागदात खोल उमटलेले, आठही ओळींचे, पण शाईचा ठिपका नाही. तो तसाच डेप्टफर्डला गेला आणि मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर त्या कोऱ्या ओळींवरून बोट फिरवत गेले. नावावर आले. बराच वेळ बोट तिथंच ठेवलं. उचललं, तर टोक काळं झालेलं.

साबणानं धुतलं. खिळे धुवायच्या क्षाराच्या पाण्यानं घासलं. निघालं नाही.

पुढे काही वर्षांनी मास्तर वारले. गिडियननं मला बरोबर नेलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी वाकून बघितलं. सगळं अंग मेणासारखं पांढरं, फक्त ते बोट काळं. मला राहवलं नाही. मी त्या बोटाला हात लावून पाहिला...

शाई ओली होती.