तीन नंबरची खाट

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मागच्या जुलैत मी नवी डॉक्टर म्हणून पौडजवळच्या एका लहान दवाखान्यात इमर्जन्सीचं काम शिकायला लागले. तिथले मोठे डॉक्टर किशोर सर, त्यांची पद्धत निराळी. दर गुरुवारी दुपारी आम्ही एकेक केस सांगायची, तीही पेशंटच्याच खाटेशी उभं राहून.

माझी केस धनाजीची. तीन नंबरची खाट.

धनाजी मेंढपाळ. रात्री मेंढरांपाशी जमिनीवर झोपला. सकाळी पोटात दुखतंय म्हणाला. दुपारी आमच्याकडे आणला तेव्हा पापण्या मिटलेल्या, श्वास बंद पडत आलेला.

व्हेंटिलेटर एकच, तो दुसऱ्याला लावलेला. मग घशात नळी घालून हवेची पिशवी त्याच्या बायकोच्या हातात दिली. आमच्याकडे असंच चालतं. सुंदरा तीन तास पिशवी दाबत होती.

फुस्स... फुस्स...

सर पुण्याला गेलेले. मी डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुल्या हलल्या नाहीत. मेंदूत रक्तस्राव, मी ठरवूनच टाकलं. शहाणी ना मी! त्याच्या उशाशीच बोलले, आता काही उरलं नाही.

"थांबू का?" सुंदराने विचारलं.

मी मान डोलावली.

पिशवी थांबली. थोड्या वेळाने पडद्यावरची नाडीही थांबली.

गुरुवारी मी त्याच्या रिकाम्या खाटेशी उभी राहून हे सगळं घडाघडा सांगितलं. सरांनी केसपेपर चाळला. मग म्हणाले, हा मण्यार चावल्याचा प्रकार. चावल्याची खूणही दिसत नाही. अंग लुळं पडतं, बाहुल्यासुद्धा हलत नाहीत. सापाच्या विषावरची लस देऊन पिशवी दाबत राहिलं तर माणूस परत येतो.

"आणि त्याला सगळं ऐकू येत असतं, ज्ञानदा."

तेवढ्यात...

फुस्स...

पिशवी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. तिचं पोट आत गेलं. परत फुगलं.

सर केसपेपर वाचत होते. त्यांना काही ऐकू आलं नाही.

तीन आठवड्यांनी भर सकाळी भरे गावची नंदा आली. तीच पोटदुखी, तशाच मिटलेल्या पापण्या. तिला चार नंबरला घेतलं, लस सुरू केली. नवरा कैलास पिशवी दाबत होता. संध्याकाळी त्याचे हात भरून आले. थांबू का, त्यानेही विचारलं.

मी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

चौथ्या दिवशी नंदाने डोळे उघडले. नळी काढल्यावर मी खुशीत विचारलं, काही आठवतंय का?

"समदं ऐकू येत हुतं. शेजारच्या खाटंवरचा दादा लई धीर द्यायचा."

शेजारी तीन नंबर. चारही दिवस रिकामी.

"काय म्हणायचा?"

"म्हनायचा, भिऊ नगं. ह्या खेपंला बाई थांबवायच्या न्हाईत."

मी तिथेच स्टुलावर बसले.

परवा दुपारी सुंदरा आली, मृत्यूच्या दाखल्याचे कागद न्यायला. जाता जाता दारात थबकली.

"बाई, एक इचारू? त्यास्नी शेवटाला काय कळत न्हवतं ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि माझ्या पाठीमागे...

फुस्स...

मी सुंदराला अजून उत्तर दिलेलं नाही.